मुर्तेन सरोवरातील 'रक्त' आणि ओग्युस्तँ द कँदोल

पश्चिम स्वित्झर्लंडमधील मुर्तेन सरोवराचे पाणी १८२५ साली लाल झाले. काठावरील कोळ्यांना हा प्रकार अपरिचित नव्हता. २२ जून १४७६ रोजी याच सरोवराकाठी स्विस संघराज्याच्या फौजांनी बर्गंडीचा ड्यूक साहसी चार्ल्स याचा दारुण पराभव केला होता. त्याचे अनेक सैनिक पळून जाताना पाण्यात बुडून मेले होते. त्या सैनिकांचे रक्त अधूनमधून वर येते, अशी लोकांची समजूत होती आणि त्यावरूनच या लाल तवंगाला 'बर्गंडीचे रक्त' हे नाव पडले. या रक्ताचे परीक्षण करून ती एक सजीव वस्तू असल्याचे दाखवणारे आणि तिला शास्त्रीय नाव देणारे शास्त्रज्ञ म्हणजे जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तँ पिराम द कँदोल.

द कँदोल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १७७८ रोजी जिनिव्हा येथे झाला. धार्मिक छळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या प्रोटेस्टंट घराण्याचे ते वंशज होते. लहानपणी मेंदूच्या गंभीर विकारातून ते थोडक्यात वाचले. जिनिव्हा येथे शिक्षण घेताना झाँ पिएर व्होशे या धर्मोपदेशक-वनस्पतिशास्त्रज्ञाचा सहवास त्यांना लाभला. गोड्या पाण्यातील शैवालांवरील व्होशे यांचा ग्रंथ १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो त्या विषयातील पायाभूत ग्रंथ मानला जातो. ज्या गुरूने साध्या डबक्यातील हिरव्या तंतूंकडे इतक्या बारकाईने पाहिले, त्याच्या शिष्याने पुढे लाल सरोवराचे कोडे हाती घ्यावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

१७९६ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे लामार्क, क्यूव्हिए आणि देफोंतेन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. लामार्क यांच्या फ्रान्समधील वनस्पतींवरील ग्रंथाची सुधारित आवृत्ती तयार करण्याचे काम त्यांनी केले. काही काळ माँपेलिए येथे प्राध्यापक म्हणून काम केल्यानंतर, नेपोलियनच्या पाडावानंतरच्या राजकीय घडामोडींमुळे १८१६ मध्ये ते जिनिव्हाला परतले. तत्पूर्वी १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी 'टॅक्सॉनॉमी', म्हणजे वर्गीकरणशास्त्र, हा शब्द रूढ केला होता.

जगातील सर्व ज्ञात सबीज वनस्पतींचे वर्णन एकाच ग्रंथमालेत करण्याचा त्यांचा संकल्प होता. तिचा पहिला खंड १८२४ मध्ये निघाला. ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथानिएल वॉलिच यांनी भारतातून नेलेल्या नमुन्यांचा एक संचही जिनिव्हाला पोहोचला. अर्जुन वृक्षाच्या शास्त्रीय नावापुढे आजही त्यांच्या आडनावाची संक्षिप्त अक्षरे आढळतात.

एवढ्या प्रचंड कामाला हात घातलेला असतानाच मुर्तेनच्या लाल पाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. सूक्ष्मदर्शकाखाली ते द्रव्य म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचा पुंजका असल्याचे दिसले. द कँदोल यांनी त्याला 'ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स' असे नाव दिले. असे तंतू हलताना दिसत असल्यामुळे त्यांना वनस्पती म्हणावे की प्राणी, याविषयी त्या काळात एकमत नव्हते. ते यांपैकी काहीच नाहीत, तर प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आहेत, हे पुष्कळ नंतर स्पष्ट झाले.

या जीवाचा लाल रंग त्यातील फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे येतो. या रंगद्रव्यामुळे खोल पाण्यातील अंधूक प्रकाशही त्याला वापरता येतो. उन्हाळ्यात तो पृष्ठभागाखाली कित्येक मीटरवर एक दाट थर करून राहतो आणि वरून पाणी स्वच्छ दिसते. शरद ऋतूत व हिवाळ्यात पाणी ढवळले गेले की पेशींतील वायूच्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे तो वर तरंगतो आणि काठाशी लाल साय जमते. कोळ्यांना रक्त एकाएकी वर आल्यासारखे वाटे, त्याचे कारण हेच. रक्त खोलवर असते ही त्यांची समजूत, एका अर्थाने, अगदीच चुकीची नव्हती.

धोकाही खराच होता. हा जीव मायक्रोसिस्टिन नावाची यकृताला घातक विषे तयार करतो. शिवाय असे दाट थर मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. जर्मनीतील बव्हेरियामधील आमरझे सरोवरात व्हाइटफिश माशांचे उत्पादन घटले, तेव्हा त्याचा संबंध याच जीवाशी असावा काय, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला व २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांडपाण्यातील फॉस्फरस हे अशा वाढीचे एक मोठे कारण असल्याने स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर बंदी घातली. झुरिक सरोवरात मात्र फॉस्फरस कमी होऊनही हा जीव टिकून राहिला. हिवाळे उबदार होऊ लागल्याने पाणी पुरेसे ढवळले जात नाही, हे त्याचे एक कारण असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले.

द कँदोल यांना यातील विषाची वा प्राणवायूची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांनी लाजाळूच्या पानांवरही प्रयोग केले आणि सतत प्रकाशातही पानांची मिटण्या-उघडण्याची लय सुटत नाही, फक्त ती चोवीस तासांपेक्षा थोडी आखूड होते, असे नोंदवले. सजीवांतील अंतर्गत घड्याळाच्या अभ्यासात ही नोंद आजही सांगितली जाते.

९ सप्टेंबर १८४१ रोजी जिनिव्हातच त्यांचे निधन झाले. त्यांची ग्रंथमाला पुत्र आल्फोन्स यांनी पुढे चालवली आणि शेवटचा खंड १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुर्तेनच्या जीवाचे नाव १९८८ मध्ये 'प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स' असे बदलण्यात आले. सरोवराकाठच्या लोकांच्या तोंडी मात्र 'बर्गंडीचे रक्त' हेच नाव आहे.