परमुलखातील घर

सन १८८० मध्ये अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या वाचनात एका मासिकातील पत्रव्यवहार आला. आपली पत्नी आनंदीबाई हिला तिकडे शिक्षण मिळावे, अशी गोपाळराव जोशी यांची खटपट त्यात होती. ओळखदेख नसताना कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना आपल्या घरी राहावयास बोलाविले.

७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीवाचून कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. त्यांना नेण्यास कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. न्यू जर्सीतील रोझेल गावी त्यांच्या घरी तो उन्हाळा सुखात गेला.

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात नाव दाखल झाले आणि तेथे वेगळ्या खोलीत राहावे लागले. खोली उबदार ठेवण्याची शेगडी नीट नव्हती. ती पेटवावी तर खोली धुराने भरे. न पेटवावी तर अंग गारठे. नांदेड-लातूरच्या उन्हात वाढलेल्या मुलांना त्या थंडीची कल्पना सहज यावयाची नाही! त्यातच लुगडे आणि शाकाहार सोडावयाचा नाही, हा आनंदीबाईंचा निश्चय. प्रकृती ढासळू लागली. अभ्यास मात्र थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबीयांच्या जागेत, तिला विसावा मिळाला.