पडद्याआडच्या पक्षकाराची वकील

लोणंदहून साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात तारखेला जाणाऱ्या माणसांत दोन बाजूंची माणसे असतात. एक आरोपीची, दुसरी, ज्याच्यावर गुन्हा घडला त्याची. आरोपीच्या माणसांजवळ एका वकिलाचे नाव असते. त्याची फी किती, जामिनाच्या अर्जावर तो काय बोलणार, साक्षीदाराची उलटतपासणी तो कशी घेतो, याचा त्यांना थोडाबहुत अंदाज असतो. दुसऱ्या बाजूच्या माणसांजवळ बहुधा समन्सचा एक कागद असतो आणि सरकारी वकील आपलाच आहे असा कोणीतरी दिलेला दिलासा. वस्तुतः सरकारी वकील हा राज्याचा वकील. फौजदारी खटला राज्य विरुद्ध आरोपी असा चालतो. जिचा मुलगा मारला गेला, किंवा फसवून अंगठा घेऊन जिची जमीन लुबाडली गेली, ती स्त्री त्या खटल्यात साक्षीदार एवढीच उरते.

हे चित्र कायद्याच्या पुस्तकात तरी २००९ साली पालटले. त्या वर्षी अंमलात आलेल्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडित या शब्दाची प्रथमच व्याख्या झाली, सरकारी वकिलाच्या साहाय्यासाठी आपला वकील देण्यास न्यायालय पीडिताला अनुमती देऊ शकेल अशी तरतूद झाली आणि निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क त्याला मिळाला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. म्हणजे खुर्ची मांडली गेली. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कोणते शिक्षण हवे, हा प्रश्न मात्र दुरुस्तीच्या मसुद्याने सुटणारा नव्हता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या एका स्त्रीने हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःपुरता सोडविण्याचा प्रयत्न केला होता. पहिल्या भारतीय महिला वकील म्हणून कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आढळते. पहिलेपणाच्या या बिरुदाखाली त्यांचे खरे काम बरेचसे झाकले गेले आहे.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे ख्रिस्ती झालेले पारशी धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना या एका इंग्रज कुटुंबाने दत्तक घेऊन वाढविलेल्या. या माउलीने पुण्यात मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढल्या आणि अडल्यानडल्या बायकांना आपल्या घराचे दार उघडे ठेवले. त्या दारातून एकदा एक गुजराती विधवा आली. घरची संपन्न, परंतु अक्षरशत्रू. ज्या कारभाऱ्यावर तिने विसंबावे त्यानेच तिची सही एका दस्तावर घेतली होती आणि त्या दस्ताने तिची मालमत्ता त्याच्या नावे झाली होती. दस्त कायदेशीर, सही तिचीच. मग तक्रार कोणाकडे करावयाची? पुरुष वकिलासमोर ती बसू शकत नव्हती आणि स्त्री वकील तर अस्तित्वातच नव्हती. वकिलीचा विचार कॉर्नेलियाच्या मनात रुजला तो या प्रसंगातून, आणि त्याला खतपाणी घातले आईने.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ही मुलगी एकटीच. तिच्यासमोर वर्गाची दारे लावून घेण्यापर्यंत काही विद्यार्थ्यांची मजल गेली. तरीही मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर होण्याचा मान तिने मिळविला, तोही पहिल्या वर्गात. तिच्या गुणांवर विलायतेतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात काही काळ अध्यापन केल्यावर १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली. सरकारने जे नाकारले ते काही उदार इंग्रज स्त्रीपुरुषांनी वर्गणी करून पुरे केले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव आहे.

ऑक्सफर्डमध्ये तिला ऑल सोल्स कॉलेजच्या कायद्याच्या ग्रंथालयात वाचनाची मुभा मिळाली. तेथवर पोचलेली ती पहिली स्त्री वाचक. बी.सी.एल.च्या परीक्षेला स्त्रीने बसावे की नाही, यावरून अडचण उभी राहिली तेव्हा बॅलिओलचे प्राचार्य बेंजामिन जोवेट यांच्या प्रयत्नाने विद्यापीठाने खास ठराव केला आणि १८९२ साली कॉर्नेलियाबाई ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांची परीक्षा घेई, पदवी देत नसे! ती हाती पडली १९२२ साली, तीस वर्षांनंतर. परीक्षेनंतर लंडनच्या एका सॉलिसिटर कंपनीत त्यांनी काम शिकून घेतले. दस्त कसे लिहितात, विश्वस्ताचे हिशेब कसे तपासतात, मालमत्तेची मालकी कागदोपत्री कशी शोधीत जातात, हे पुस्तकात नसलेले ज्ञान कचेरीतच मिळावयाचे.

१८९४ साली त्या मायदेशी परतल्या. काठेवाडातील आणि इंदूरकडील संस्थानांत ब्रिटिश एजंटांसमोर पडदानशीन स्त्रियांची बाजू मांडण्याची खास परवानगी त्यांना मिळे, परंतु ती परवानगी होती, अधिकार नव्हे. फौजदारी संहितेत न्यायालयाच्या अनुमतीने वकील नसलेल्या व्यक्तीलाही पक्षकाराच्या वतीने उभे राहण्याची सोय होती. तिचा आधार घेऊन १८९६ साली पुण्याच्या न्यायालयात त्या आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. पाठोपाठ मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी. झाली. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा झाली. तीन परीक्षा उत्तीर्ण होऊनही सनद नाही, असा हा विलक्षण प्रकार. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्यांचे नाव नोंदविले ते १९२१ साली, आणि देशभर ही अडचण कायद्याने दूर झाली १९२३ साली.

या बावीस वर्षांत कॉर्नेलियाबाई नुसत्या अर्ज करीत बसल्या असत्या तर त्यांचे चरित्र ही एका अन्यायाची कहाणी ठरली असती, त्याहून अधिक काही नाही. त्यांनी सरकारदरबारी वेगळाच आग्रह धरला. पडद्यातील स्त्रियांसाठी एक स्त्री कायदेविषयक सल्लागार सरकारनेच नेमावी, अशी मागणी त्यांनी लावून धरली आणि १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली.

या खात्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे न्यायालय नव्हे. जमीनदारीचा वारस अज्ञान असेल किंवा मालक स्त्री असून कारभारास असमर्थ ठरविली गेली असेल, तर तिची इस्टेट सांभाळणारे हे सरकारी खाते. सरकारचा त्यातील हेतू केवळ परोपकाराचा नव्हता. जमीनदारी बुडाली तर सारा बुडतो, हा हिशेब त्यामागे होताच. आता बंगालमधील हिंदू विधवेची स्थिती महाराष्ट्रातील विधवेहून एका बाबतीत निराळी होती. आपल्याकडे मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात विधवेच्या वाट्याला केवळ पोटगी येई. बंगालच्या दायभाग पद्धतीत मुलगा नसलेल्या विधवेला पतीचा हिस्सा हयातीपुरता मिळे. वरकरणी हे अधिक उदार. परंतु जिच्या हाती मालमत्ता आहे, जिला लिहितावाचता येत नाही, जी घराबाहेर पडू शकत नाही आणि जिच्या मृत्यूनंतर मालमत्ता दीरपुतण्यांकडे जावयाची आहे, तिच्या हयातीत कोणाचे हित होते? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर तिचा हक्क हाच तिच्याविरुद्धच्या गुन्ह्याची प्रेरणा होता. बनावट दत्तकपत्रे, कोऱ्या कागदांवरचे अंगठे, अडवून ठेवलेली पोटगी, क्वचित अज्ञान वारसाच्या जिवावर टपलेले आप्त, ही सारी त्या प्रेरणेची फळे.

या घरांतून कॉर्नेलियाबाई सुमारे दोन दशके फिरल्या. बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा त्यांचा मुलूख. प्रवास कधी आगगाडीने, कधी पालखीने, कधी होडीने, क्वचित हत्तीवरून. सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांनी या काळात कायद्याचे साहाय्य दिले असा अंदाज आहे, आणि कधीकधी मोबदला न घेता. येथे ऑक्सफर्डचे शिक्षण अपुरे पडले. पक्षकार बोलत नाही, ही पहिली अडचण. तिच्या शेजारी सासू बसलेली असते, दाराआड कारभारी उभा असतो, आणि प्रश्न विचारला की उत्तर तिच्याऐवजी दुसरेच कोणी देते. अशा बाईची हकीकत एका भेटीत मिळत नाही. ती मिळविण्यासाठी घरातील व्रतवैकल्ये, पुरोहिताचे वजन, मुलाचे आजारपण, स्वयंपाकघरातील रुसवेफुगवे यांत वेळ घालवावा लागे. त्यानंतर दस्त पाहावयाचे, खतावण्या वाचावयाच्या, आणि मग कलेक्टरला अहवाल लिहावयाचा. पुष्कळ भांडणे त्यांनी कोर्टाची पायरी न चढता मिटविली, कारण कोर्टात उभे राहणे हीच त्या स्त्रीला शिक्षा वाटे. त्यांच्या लेखनात या बायकांच्या धर्मश्रद्धेविषयी जो आदर दिसतो तो या सहवासातून आलेला आहे. १९१७ साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

पडद्यातील स्त्रीने केलेल्या दस्ताबाबत प्रिव्ही कौन्सिलने एक तत्त्व घालून दिले होते. दस्ताचा लाभ ज्याला होतो त्यानेच सिद्ध करावयाचे की तिला तो समजला होता आणि तिने तो राजीखुशीने केला. नुसती सही पुरत नाही. तत्त्व उत्तम, पण हे तत्त्व न्यायालयापुढे जावयाचे तर तिची हकीकत प्रथम कोणीतरी ऐकून घ्यावयास हवी होती. कॉर्नेलियाबाईंचे सारे काम या आधीच्या टप्प्यावरचे आहे, आणि आजही अपुरा राहतो तो हाच टप्पा. १९९४ साली दिल्लीतील घरकामगार स्त्रियांच्या एका संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडित स्त्रीला पोलीस ठाण्यापासूनच वकील मिळावा, तो फौजदारी कामाचा जाणकार असावा, कार्यवाहीचे स्वरूप त्याने तिला समजावून सांगावे, वैद्यकीय मदत व समुपदेशन कोठे मिळेल हेही सांगावे, असे म्हटले. पोलीस ठाण्यात अशा वकिलांची यादी ठेवावी, हेही त्यात होते. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेचे अर्थसाहाय्यही आहे. परंतु विधी महाविद्यालयांत विद्यार्थी जे अशिलाला प्रश्न विचारण्याचे धडे घेतो ते कितीसे? साक्षीदार कसा मोडावा हे वरिष्ठांच्या हाताखाली शिकता येते. मोडलेल्या माणसाला साक्षीसाठी उभे कसे करावे, नुकसानभरपाईच्या अर्जात बुडालेली मजुरी आणि दवाखान्याचा खर्च कसा मांडावा, सरकारी वकिलाच्या कामात अडथळा न आणता त्याच्या हाती पुरावा कसा द्यावा, हे शिकविणारा वरिष्ठ तालुक्याच्या ठिकाणी सहसा भेटत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पीडिताच्या वकिलाने साहाय्य करावयाचे आहे, खटला स्वतःच्या हाती घ्यावयाचा नाही. म्हणजे या वकिलाचे कौशल्य भाषणात कमी आणि तयारीत अधिक. कोर्ट ऑफ वॉर्ड्समधील साहाय्यक बाईंचे काम नेमके असेच होते.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. इंग्रजी राज्यावर त्यांची अढळ निष्ठा होती. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले, आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांनी उघड विरोध केला. १९२७ साली कॅथरीन मेयो यांचे हिंदुस्थानावर चिखलफेक करणारे पुस्तक निघाले तेव्हा देशभर संताप उसळला. कॉर्नेलियाबाई मेयोंच्या बाजूने उभ्या राहिल्या. परिणाम व्हावयाचा तो झाला. बंगालमधील स्त्रियांसाठी समाजसेवेचे जे जाळे त्या उभारू पाहत होत्या त्याचा आधारच निसटला. आपल्या पक्षकारांचे दुःख ज्यांना इतके जवळून कळले त्यांना त्या पक्षकारांच्या देशाचे मन कळू नये, हा त्यांच्या आयुष्यातील मोठाच विरोध आहे. शिवाय एका व्यक्तीच्या परिश्रमावर उभे राहिलेले काम त्या व्यक्तीबरोबरच संपते. आपल्यासारख्या आणखी स्त्रिया तयार व्हाव्यात असे त्यांना वाटत असे, पण त्यासाठी लागणारी संस्था काही उभी राहिली नाही. १९२२ साली त्या सरकारी सेवेतून निवृत्त झाल्या.

सनद हाती आली तेव्हा तारुण्य सरले होते. १९२४ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परंतु पुरुष वकिलांच्या त्या जगात त्यांच्याकडे युक्तिवादाची कामे फारशी आली नाहीत; प्रकरणांवर लेखी अभिप्राय तयार करून देणे एवढेच बहुतेक त्यांच्या वाट्याला आले. पाच वर्षांनी त्यांनी वकिली सोडली आणि लंडन गाठले. १९३४ साली तेथे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यांचे निधन ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच झाले. तेथील लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.