बख्त बुलंद शहा : एका मांडलिक राजाची जीवनकथा

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे एकेकाळी जमीनदारीचे ठिकाण होते. अशा जमीनदाराने जंगलवाटा राखाव्यात, वरच्या सत्तेला टकोली नावाचा हलका खंड भरावा आणि आपल्या मुलुखाचा कारभार पाहावा, अशी रीत असे. मध्ययुगीन युरोपात सरदार राजापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेई व राजा त्याला जमीन आणि संरक्षण देई. दोन्हीकडे हे नाते परस्परांच्या वचनावर उभे होते. ते कसे जुळते आणि कसे तुटते हे जाणण्यासाठी गोंडवनातील एका राजाचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

देवगडचे गोंड राजे मोगलांना खंडणी देत. तेथील गादीवरून भाऊबंदकी माजली, तेव्हा बख्त बुलंद यांनी औरंगजेब बादशहाचा आश्रय घेतला. त्यांनी इस्लाम धर्म स्वीकारला आणि १६८६ साली बादशहाने त्यांना देवगडचे राजे म्हणून मान्यता दिली. परंतु दरबाराने दिलेले दरबारच काढून घेऊ शकतो, हे त्यांना लवकरच अनुभवास आले. १६९१ साली त्यांना गादीवरून दूर करण्यात आले. धन्याने वचन मोडल्यावर मांडलिकाची निष्ठाही टिकली नाही. पुढे त्यांनी बंड केले आणि बादशहा मराठ्यांशी झुंजत असताना वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील मोगली मुलूख लुटला. बख्त बुलंद म्हणजे थोर भाग्याचा. संतप्त बादशहाने त्यांचे नाव बदलून निगूनबख्त, म्हणजे फुटक्या नशिबाचा, असे ठेवले.

नाव बदलले तरी काम पुसले गेले नाही. त्यांनी कष्टाळू शेतकरी व कारागीर आपल्या राज्यात आणून वसविले. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. १७०२ च्या सुमारास लहान लहान वाड्या एकत्र करून त्यांनी नागपूर शहराचा पाया घातला. त्यांचे वारस चाँद सुलतान यांनी तेथेच राजधानी नेली. नंतर राज्याची सूत्रे नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि गोंड राजा नावापुरता उरला.

१९५१ साली जमीनदाऱ्याही कायद्याने संपल्या. बादशहाची सनद गेली, टकोलीही गेली. वसविलेले गाव मात्र राहिले. ज्याच्या हाती थोडाही अधिकार आहे, त्याने वरच्याची मर्जी सांभाळताना आपल्या आधाराने जगणाऱ्यांना विसरू नये, हाच बोध आम्हांला या चरित्रातून घ्यावासा वाटतो.