सुरांचा सातबारा लिहिणारे भातखंडे

सातबारा म्हटले की आपल्याला जमीन आठवते. पण गाण्याचाही एक सातबारा आहे, म्हणजे बारा स्वरांतून निवडलेले सात. त्याची नोंद नीट लावली ती पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. शिक्षण वकिलीचे, ओढ मात्र गाण्याची. पत्नी आणि मुलगी, दोघीही गेल्या. पुढे त्यांनी वकिली सोडली व आयुष्य संगीतालाच वाहिले.

त्या काळी ही विद्या घराण्याघराण्यांत बंद होती. उस्ताद गेले की चीजाही गेल्या. चांगले बियाणे कणगीतच किडून जावे, तसेच ते. एकच राग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी गायला जाई. भातखंडे १९०४ साली दक्षिणेत गेले, पुढे उत्तरेतही फिरले. जुने ग्रंथ धुंडाळले, मिळतील त्या चीजा स्वरलिपीत उतरवल्या.

मग त्यांनी रागांची वर्गवारी केली. आपण पिकांची तृणधान्य, कडधान्य, गळीतधान्य अशी करतो ना, तशीच. समजायला सोपे आहे. भजनी मंडळाची पेटी पुढे घ्या. एका सप्तकात सात शुद्ध स्वर. रे, ग, ध, नी हे चार कोमल आणि एक तीव्र म, असे बारा. त्यातून सा ते नी असे सात निवडले की झाला थाट. सगळे शुद्ध घ्या, बिलावल झाला. त्यात फक्त म तीव्र करा, कल्याण. ग आणि नी कोमल केले की काफी. रे आणि ध कोमल केले की भैरव. चारही कोमल केले की भैरवी. खमाज, आसावरी, पूर्वी, मारवा, तोडी धरून एकूण दहा.

थाट म्हणजे राग नव्हे बरं का. जमीन एकच, पिके निराळी! कल्याण थाटातला यमन सात स्वरांचा, तर भूप पाचच स्वरांचा.

काही राग या दहांत नीट बसत नाहीत, ही टीका आजही होते. तरी नवशिक्याला वाट सापडली ती यामुळेच. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिला. १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरवली, १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे केले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले, पण विद्या कागदावर राहिली.

आता तुमच्या गावचे बघा. म्हाताऱ्या बुवांच्या चाली कोणी लिहून घेतल्यात का? बुवा आहेत तोवर वही काढा.