नवाबरायांचे प्रेमचंद झाले. लखनौच्या श्रीमंतीवर हसणारा निर्धन कथाकार

लखनौ : अवधचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या घशात जात असताना दोन जहागीरदार बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांचे मोहरे मारण्यात दंग आहेत, हे चित्र सत्यजित रे यांच्या १९७७ सालच्या ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटामुळे देशभरातील प्रेक्षकांच्या मनावर कोरले गेले. संजीवकुमार यांचे मिर्झा आणि सईद जाफरी यांचे मीर यांना पाहताना आजही हसू आवरत नाही. बेगमेने मोहरे लपविले, तर हे दोघे भाजीपाला पटावर मांडून डाव पुढे चालू ठेवतात. या हास्यामागे उभा असलेला मूळ लेखक मात्र चित्रपट येण्यापूर्वी ४१ वर्षे निवर्तला होता, आणि ज्या वर्गाची त्याने थट्टा केली त्या वर्गाचे ऐश्वर्य त्याच्या वाट्याला कधीच आले नव्हते.

मुन्शी प्रेमचंद यांचा जन्म ३१ जुलै १८८० रोजी वाराणसीजवळील लमही गावी झाला. मूळ नाव धनपतराय. चुलते त्यांना लाडाने ‘नवाब’ म्हणत, आणि लेखनाच्या आरंभी त्यांनी ‘नवाबराय’ हेच नाव घेतले. टपाल खात्यातील कारकुनाच्या या मुलाच्या दोन्ही नावांत संपत्ती होती, घरात नव्हती. आई बालपणीच गेली, १८९७ मध्ये वडीलही गेले. पोटाची चिंता इतकी टोकाला पोहोचली, की गणिताचे एक पुस्तक त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका रुपयास विकले. त्याच दुकानात भेटलेल्या एका मुख्याध्यापकाने त्यांना चुनार येथील शाळेत दरमहा १८ रुपयांची नोकरी दिली.

पुढे सरकारी शिक्षण खात्यातील नोकरी सुरू झाली आणि उर्दूतील लेखनही. ‘सोज-ए-वतन’ हा कथासंग्रह राजद्रोही ठरवून सरकारने त्याच्या प्रती नष्ट केल्या. त्यानंतर ‘नवाबराय’ हे नाव वापरणे अशक्य झाले. कानपूरच्या ‘जमाना’ मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी नवे नाव सुचविले, आणि प्रेमचंद जन्मास आले. फेब्रुवारी १९२१ मध्ये गोरखपूर येथे महात्मा गांधींचे भाषण ऐकल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी सुमारे २० वर्षांच्या नोकरीचा राजीनामा दिला. प्रकृती नाजूक होती, मुले लहान होती आणि निवृत्तिवेतनाचा आधार सुटणार होता. असहकाराचा आवेश पुष्कळांच्या अंगी आला आणि ओसरला. प्रेमचंदांनी त्याची किंमत उर्वरित आयुष्यभर मोजली.

वाराणसीत १९२३ मध्ये काढलेला ‘सरस्वती प्रेस’ हा छापखाना नफ्याऐवजी कर्जच देत राहिला. या तोट्यामुळे त्यांना लखनौ गाठावे लागले. १९२४ मध्ये ते गंगा पुस्तकमाला या प्रकाशनसंस्थेत रुजू झाले. काही वर्षांनी नवलकिशोर प्रेसच्या ‘माधुरी’ मासिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले. याच ‘माधुरी’त ऑक्टोबर १९२४ मध्ये ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा प्रसिद्ध झाली. वाजिद अली शाहांच्या पदच्युतीला तेव्हा ६८ वर्षे झाली होती, तरी जुन्या दिमाखाच्या आठवणींवर जगणारी घराणी शहरात होती. त्यांच्याच शहरात, त्यांच्याच भाषेच्या लहेजात ही थट्टा छापली गेली, हे धाडस आज सहसा लक्षात घेतले जात नाही.

कथेचा शेवट चित्रपटाहून फार वेगळा आहे. गोमतीपलीकडील एका पडक्या मशिदीत दोघे खेळत बसतात. राजाला रक्ताचा थेंबही न सांडता कैद करून नेले जाते, तरी ते पटावरून उठत नाहीत. मग एका चालीवरून वाद होतो आणि तो पाहता पाहता कुळांवर घसरतो. एक दुसऱ्याचे पूर्वज गवत कापणारे ठरवितो, तर दुसरा पहिल्याचे पूर्वज नवाबाच्या मुदपाकखान्यातील आचारी. राज्य गेल्याचे दुःख ज्यांना झाले नाही, त्यांना आचाऱ्याच्या कुळाचा आरोप सहन होत नाही. तलवारी निघतात आणि दोघेही मरतात. रे यांनी वाजिद अली शाह आणि जनरल औट्रम यांचे मोठे कथानक जोडले, मीर आणि मिर्झांना जिवंत ठेवले आणि शेवटी पटावरच्या वजिराच्या जागी इंग्रजी पद्धतीची राणी आणली. ही इंग्रजी रीत चित्रपटात त्यांना समजावून सांगतात मुन्शी नंदलाल. ती भूमिका केली होती मुंबईच्या बेने इस्रायली समाजातील अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांनी. रे यांचा शेवट अधिक सूक्ष्म आहे यात शंका नाही. परंतु प्रेमचंदांचा शेवट अधिक निष्ठुर आहे, आणि नोकरीवर पाणी सोडून आलेल्या माणसाला त्या निष्ठुरतेचा अधिकार होता.

ऐश्वर्याची दारे त्यांच्यासाठी उघडली नव्हती असे नाही. पत्नी शिवरानीदेवी यांच्या आठवणींनुसार अलवरच्या महाराजांनी त्यांना दरमहा ४०० रुपये, बंगला आणि मोटार देऊ केली होती. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. लखनौत असताना ‘रायसाहेब’ हा किताबही त्यांनी घेतला नाही, असे त्याच आठवणींत नमूद आहे. शिवरानीदेवी स्वतः १९३० मध्ये लखनौत विदेशी कापडाच्या दुकानांवर निदर्शने करताना पकडल्या गेल्या व तुरुंगात गेल्या. त्याच वर्षी प्रेमचंदांनी ‘हंस’ मासिक सुरू केले आणि कर्जाचा बोजा आणखी वाढला.

तो बोजा उतरविण्यासाठी १९३४ मध्ये त्यांनी मुंबईचा रस्ता धरला. अजंता सिनेटोन या कंपनीशी त्यांचा वर्षाला ८,००० रुपयांचा करार झाला. मोहन भवनानी यांच्या ‘मजदूर’ या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली आणि त्यात कामगारांच्या प्रतिनिधीची छोटी भूमिकाही केली. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणगावात मोठा संप पेटला होता, त्यामुळे गिरणीमालक आणि मजूर यांच्यातील संघर्ष पडद्यावर येऊ देण्याची अधिकाऱ्यांची तयारी नव्हती. मुंबईत चित्रपटावर बंदी आली. त्याची प्रतही आज उपलब्ध नाही. चित्रपटसृष्टीत लेखकाला मान नाही, अशी खात्री पटल्यावर एप्रिल १९३५ मध्ये, कराराचे वर्ष पुरे होण्याआधीच, प्रेमचंद परतले. सोबत आणलेली ‘गोदान’ कादंबरी त्यांनी पूर्ण केली व ती १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली.

एप्रिल १९३६ मध्ये ते पुन्हा लखनौत आले, ते प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून. रिफाह-ए-आम सभागृहातील भाषणात त्यांनी साहित्यातील सौंदर्याची जुनी, अमीर-उमरावांची कसोटी बदलण्याचे आवाहन केले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९३६ रोजी, वाराणसीत त्यांचे निधन झाले. वय ५६. लेखनाच्या मेजावर ‘मंगलसूत्र’ ही कादंबरी अपुरी राहिली होती. तिचा नायक एक लेखक आहे. त्याने आयुष्यभर पैसा जोडला नाही, आणि आता त्याचाच मुलगा पूर्वी स्वस्तात विकलेल्या मालमत्तेचा हिशेब मागू लागला आहे.