विमान उडवायला गेला म्हणून डील हुकलं? बायोस देणाऱ्या गॅरी किल्डॉलची नेहमी अर्धीच गोष्ट सांगतात

कॉम्प्युटरमध्ये सी ड्राइव्ह असतो, डी ड्राइव्ह असतो. मग ए आणि बी कुठं गेले? शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न एकदा तरी पडलेला असतो. उत्तर सोपं आहे, ती दोन अक्षरं फ्लॉपीसाठी होती. पण ड्राइव्हला अशी अक्षरं द्यायची पद्धत छोट्या कॉम्प्युटरवर ज्याच्यामुळं रुळली, त्याचं नाव मात्र लॅबमधल्या सरांनीही घेतलेलं नसतं.

तो माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल.

त्याच्याबद्दल एक किस्सा फार फिरतो. 1980 साली आयबीएमची माणसं ऑपरेटिंग सिस्टीम विकत घ्यायला त्याच्या दारात आली, हा पठ्ठ्या मजेत विमान उडवत बसला, आयबीएमवाले वैतागून बिल गेट्सकडं गेले आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहितीय. किस्सा भारी आहे, पण बराचसा चुकीचा आहे. शिवाय त्याच्या नादात किल्डॉलने जे खरं काम करून ठेवलं ते झाकलं जातं. तुमच्या लॅपटॉपचं पॉवर बटण दाबल्यावर पहिल्या काही क्षणांत जे घडतं, त्यात आजही त्याची कल्पना आहे.

तर सुरुवातीपासून बघू.

किल्डॉलचा जन्म 19 मे 1942 चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची एक शाळा होती, जहाज कसं हाकायचं आणि समुद्रात आपण नेमके कुठं आहोत हे कसं काढायचं, ते शिकवणारी. गॅरीनेही तिथं काही काळ शिकवलं. पुढं वॉशिंग्टन विद्यापीठात गणित शिकायला गेला आणि कॉम्प्युटरच्या नादी लागला. ते दिवस व्हिएतनाम युद्धाचे होते आणि नौदलाची सेवा टळणार नव्हती. त्याला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावात नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. युद्धावर जाण्याऐवजी तो फळ्यासमोर उभा राहिला. 1972 साली पीएचडीही झाली.

याच काळात इंटेल नावाच्या तेव्हाच्या छोट्या कंपनीने 4004 ही चिप बाजारात आणली होती. एका चिपवर अख्खा प्रोसेसर. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं, त्यामुळं ही चिप बहुतेकांना कॅल्क्युलेटर नाहीतर सिग्नलचे दिवे चालवण्यापुरतीच वाटायची. किल्डॉलला तिच्यात वडिलांचं जुनं स्वप्न दिसलं, जहाजाची जागा आपोआप काढून देणारं यंत्र. चिप चालवायला लागणारी बाकीची सामग्री हाताशी नव्हती, म्हणून त्याने कॉलेजच्या मोठ्या कॉम्प्युटरवर त्या चिपची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला. इंटेलला हे कळल्यावर त्यांनी त्याला सल्लागार म्हणून बोलवायला सुरुवात केली. आठवड्यातला एखादा दिवस तिकडं, बाकी दिवस शिकवणं. 1973 पर्यंत त्याने इंटेलच्या चिपसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंगची भाषाही तयार केली.

मधल्या काळात त्याने एक मजेशीर काम केलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकाला नाणं टाकलं की भविष्य छापून देणारं मशीन बनवायचं होतं. त्याचे प्रोग्रॅम किल्डॉलने लिहिले. मशीन चाललं नाही, कागद अडकायचा आणि गिऱ्हाईकांना बटणं कशी फिरवायची ते कळायचं नाही. पण इथं लिहिलेल्या काही गोष्टी पुढं त्याच्या कामी आल्या. पर्सनल कॉम्प्युटरच्या इतिहासात एक पान ज्योतिषाच्या नावावर आहे ते असं.

आता मुख्य अडचणीकडं येऊ. प्रोसेसरला करंट मिळाला की तो एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथं जो आदेश असेल तो पाळतो. इंटेलच्या 8080 चिपसाठी हा पत्ता शून्य. त्याला कीबोर्ड म्हणजे काय, स्क्रीन म्हणजे काय, डिस्क कुठं आहे, यातलं काही माहीत नसतं. आणि बंद करून चालू केलेल्या मशीनची रॅम कोरी असते. म्हणजे डिस्कवरचा प्रोग्रॅम वाचायला प्रोग्रॅम लागतो, आणि तो प्रोग्रॅम डिस्कवर असतो. आधी कोंबडी की आधी अंडं, तोच प्रकार.

सुरुवातीच्या हौशी कॉम्प्युटरवर यावर उपाय म्हणजे हाताने कष्ट. मशीनच्या तोंडावर खटक्यांची रांग असायची. एक आणि शून्य असे खटके वर-खाली करत एकेक बाइट मेमरीत भरायचा, आणि एवढं सगळं झाल्यावर मशीन डिस्ककडं किंवा टेपकडं वळायचं. एक खटका चुकला तर पहिल्यापासून.

1974 साली पॅसिफिक ग्रोव्ह या मॉन्टेरेच्या शेजारच्या गावात किल्डॉलने फ्लॉपी ड्राइव्ह 8080 च्या कॉम्प्युटरला जोडून दाखवला. ड्राइव्हला जोडणारं सर्किट त्याच्या मित्राने, जॉन टोरोडने बनवलं होतं. सॉफ्टवेअर किल्डॉलचं, नाव सीपी/एम. मशीन डिस्कवरून स्वतः उठलं आणि स्क्रीनवर आदेशाची वाट बघत थांबलं. नेहमीच्या आठ इंची फ्लॉपीवर सीपी/एमला उठवणारा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा. तो सेक्टर 128 बाइट्सचा, म्हणजे एका एसएमएसपेक्षाही लहान. तेवढा तुकडा पुढचा मोठा भाग मेमरीत आणायचा आणि सूत्रं त्याच्या हातात द्यायचा.

इंटेलला ही सिस्टीम विकत घ्यावीशी वाटली नाही. मग किल्डॉल आणि त्याची बायको डोरोथी मॅकइवेन यांनी स्वतःच कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढं त्यातलं आकाशगंगेचं प्रकरण गळालं आणि डिजिटल रिसर्च उरलं. धंदा डोरोथी बघायची, कोड गॅरी. सीपी/एमची एक प्रत 70 डॉलरला पोस्टाने जायची.

पण गिऱ्हाईक वाढले तसा एक वैताग सुरू झाला. त्या काळात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा. डिस्कची तार वेगळी, स्क्रीनला अक्षर पाठवायची तऱ्हा वेगळी. प्रत्येकासाठी किल्डॉलला सिस्टीमच्या पोटात शिरून बदल करावे लागायचे. 1976 च्या सुमारास इम्साय कंपनीचं काम आलं तेव्हा तो या प्रकाराला कंटाळला होता. इम्सायच्या ग्लेन युइंगसोबत बसून त्याने सिस्टीमचे सरळ दोन भाग केले. मशीनशी ज्याचा संबंध नाही ते सगळं एकीकडं. मशीनशी ज्याचा थेट संबंध आहे तेवढंच दुसरीकडं, एका छोट्या तुकड्यात. या छोट्या तुकड्याला नाव दिलं बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टीम, म्हणजेच बायोस.

ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण फरक केवढा पडला बघा. बायोसमध्ये ठरावीक कामांची यादी होती. मशीन उठव, कीबोर्डवरून अक्षर घे, स्क्रीनवर अक्षर पाठव, डिस्कचा अमुक ट्रॅक निवड, सेक्टर वाच, सेक्टर लिही. सीपी/एमच्या 2.0 आवृत्तीत अशी 17 कामं होती. कुणीही नवा कॉम्प्युटर बनवावा, आपल्या मशीनपुरती ही 17 कामं लिहून द्यावीत, की वरची अख्खी सिस्टीम आणि तिच्यावरचे सगळे प्रोग्रॅम चालू. किल्डॉलला कुणाच्या कारखान्यात जायची गरज उरली नाही. एकट्या इम्सायने त्याला 25,000 डॉलर मोजले. पुढच्या तीन-चार वर्षांत छोट्या कॉम्प्युटरच्या दुनियेत सीपी/एमला तोड राहिली नाही. ॲपल टू वर सीपी/एम चालावं म्हणून कार्ड विकणाऱ्यांत खुद्द मायक्रोसॉफ्ट होती.

आता ते 1980 साल.

आयबीएमला घाईने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणायचा होता. ते आधी मायक्रोसॉफ्टकडं गेले, आणि ऑपरेटिंग सिस्टीमसाठी गेट्सनेच त्यांना किल्डॉलकडं पाठवलं. त्या दिवशी सकाळी किल्डॉल विमान घेऊन गेला होता हे खरं. पण तो गेला होता एका गिऱ्हाइकाकडं, कामासाठी. अशा बोलण्या नेहमी डोरोथीच करायची, त्यामुळं ती समोर होतीच. गाडं अडलं ते आयबीएमच्या गुप्ततेच्या करारावर. तो एकतर्फी होता, आणि वकिलाच्या सल्ल्याने डोरोथीने सही करायला का-कू केली. किल्डॉलच्या सांगण्यानुसार तो दुपारी परत आला आणि आयबीएमवाल्यांशी बोललाही. पुढचा पेच पैशांचा होता. आयबीएमला एकरकमी सौदा हवा होता, किल्डॉलला प्रत्येक प्रतीमागं रॉयल्टी. शिवाय आयबीएमच्या नव्या 16 बिटच्या चिपवर चालणारं सीपी/एम अजून तयार नव्हतं.

त्याचाच उशीर बघून सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीतल्या टिम पॅटरसनने स्वतःची सिस्टीम लिहून काढली होती. जुने सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून सिस्टीमला हाक मारायची पद्धत त्याने सीपी/एमसारखीच ठेवली. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला, मग जुलै 1981 मध्ये 50,000 डॉलर देऊन तिचे सगळे हक्क. आयबीएमच्या डब्यावर ती पीसी डॉस म्हणून विकली गेली.

किल्डॉलने ती बघितली आणि तो भडकला. त्याने आयबीएमला कोर्टाची भीती दाखवली. आयबीएमने तडजोड केली, की तुमचं सीपी/एमही आम्ही सोबत विकतो, तुम्ही दावा करू नका. किल्डॉल खूश झाला. मग दुकानात किमती लागल्या. पीसी डॉस 40 डॉलर, सीपी/एम 240 डॉलर. गिऱ्हाईक काय घेणार हे सांगायला पीएचडी लागत नाही.

यात एक गंमत आहे, खरंतर किल्डॉलसाठी ती कडूच. आयबीएमने आपल्या पीसीत सुरुवातीचा कोड चिपवर कायमचा कोरून बसवला. आकार 8 केबी, नाव बायोस. किल्डॉलचा शब्द, किल्डॉलची विभागणी. ती विभागणी इतकी स्वच्छ होती, की कॉम्पॅक कंपनीने आयबीएमच्या कोडची एक ओळही न उचलता त्याच कामांचा बायोस नव्याने लिहून घेतला, आणि आयबीएमशी जुळणाऱ्या पीसीचा बाजार उभा राहिला. आपल्याकडं नव्वदच्या दशकात गल्लीबोळात जे असेंबल केलेले कॉम्प्युटर आले, ते याच वाटेने. त्या सगळ्यांवर चाललं मात्र डॉस.

आणखी एक गोष्ट किल्डॉलच्या बायोसमध्ये नव्हती, ती म्हणजे संशय. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जे असेल ते मुकाट्याने चालवायचं. 1974 साली हे ठीक होतं, फ्लॉपी तुमची, मशीन तुमचं. पण 1986 साली लाहोरहून ब्रेन नावाचा व्हायरस निघाला तो नेमका याच पहिल्या सेक्टरमध्ये बसला. पुढं 1998 मध्ये आलेला सीआयएच व्हायरस तर थेट बायोसची चिपच पुसून टाकायचा. मग अख्खं मशीन मेलेलं.

म्हणून आजच्या अनेक चिप्समध्ये मुख्य प्रोसेसरच्या आधी एक वेगळा, छोटा सुरक्षा प्रोसेसर जागा होतो. त्याचा पहिला कोड कारखान्यातच कोरलेला असतो, नंतर कुणालाच बदलता येत नाही. हा कोड स्वतःपुरती थोडी मेमरी साफ करतो, पुढचा तुकडा आणतो आणि त्यावरची डिजिटल सही चिपमध्ये जपलेल्या किल्लीच्या खुणेशी ताडून बघतो. जुळली तर पुढं, नाहीतर तिथंच थांब. मग तो तुकडा त्याच्या पुढच्याला तपासतो. बूटलोडर अनलॉक केलेल्या फोनवर बँकेची काही ॲप चालत नाहीत, ते ही साखळी तुटलेली दिसते म्हणून. छोट्या तुकड्याने मोठ्याला उठवायचं ही 128 बाइट्सची युक्ती तशीच आहे, फक्त आता सूत्रं देण्याआधी ओळखपत्र मागतात.

किल्डॉल गरिबीत गेला असं समजू नका. पैसा त्याच्याकडं भरपूर आला, विमानं होती, गाड्या होत्या. 1983 ते 1990 अमेरिकन टीव्हीवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या कार्यक्रमात तो लोकांना कॉम्प्युटर समजावून सांगायचा. 1985 साली त्याच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा विश्वकोश एका सीडीवर बसवला. 1991 मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीने घेतली.

बोचत होतं ते वेगळंच. 1992 साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाने पंचविशी साजरी केली. किल्डॉल तिथला पीएचडी, त्याला नामवंत माजी विद्यार्थी म्हणून बोलावणं आलं. प्रमुख भाषण मात्र गेट्सचं, जो तिथं कधी शिकलाच नव्हता. ते किल्डॉलला इतकं लागलं, की त्याने आठवणी लिहायला घेतल्या. 1993 मध्ये लिखाण पुरं केलं, थोड्या प्रती जवळच्यांना दिल्या. पुस्तक छापलं गेलं नाही. शेवटच्या वर्षांत दारूनेही त्याला घेरलं होतं.

8 जुलै 1994 ला मॉन्टेरेतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. तीन दिवसांनी, 11 जुलैला तो गेला. वय 52.

त्या आठवणींचा सुरुवातीचा भाग 2016 साली त्याच्या मुलांच्या परवानगीने कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल 2014 मध्ये, पॅसिफिक ग्रोव्हच्या लाइटहाऊस ॲव्हेन्यूवर डिजिटल रिसर्चचं जुनं ऑफिस जिथं होतं, तिथं इंजिनिअरांच्या संघटनेने धातूची एक पाटी बसवली. तिच्यावर सीपी/एमचं नाव आहे, 1974 साल आहे आणि किल्डॉलचं नाव आहे. विमानाचा उल्लेख नाही.