विश्लेषण : पहिला घास कोणाचा? मुळशीचे नवान्न आणि सेनापती बापट

पुण्यात ‘एसबी रोड’ म्हणून ओळखला जाणारा रस्ता आणि मुंबईत दादर-परळ भागातून जाणारा सेनापती बापट मार्ग. दोन्ही नावे रोज हजारो मोबाइलच्या नकाशांवर झळकतात. मात्र हे सेनापती कोणत्या सैन्याचे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते सैन्य होते मुळशी खोऱ्यातील भातशेतकऱ्यांचे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’ साजरे होते आणि तिथल्या अनेक मराठी घरांतही त्या दिवशी पंगत बसते. त्याच सुमारास मावळ-मुळशीत भाताची कापणी-झोडणी चालू असते. धान्याचे आभार मानण्याची आपली रीत काय होती आणि तिच्याशी बापटांचे आयुष्य कसे जोडले गेले, याचा हा आढावा.

नवान्न म्हणजे काय?

थँक्सगिव्हिंगची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. आश्विन पौर्णिमेला ‘नवान्न पौर्णिमा’ असेही नाव आहे. कोकणात शेतातील भाताच्या लोंब्या घरी आणून, आंब्याची पाने आणि झेंडूच्या फुलांसह त्यांचे ‘नवे’ दाराला बांधतात. नव्या तांदळाचा भात किंवा खीर आधी देवाला आणि मग घरच्यांना. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षात वेळ अमावास्या येते. त्या दिवशी सारे घर शेतात जाऊन आंबील आणि भज्जी खाते. गोव्यातील ख्रिस्ती गावांत ‘कोणसांचे फेस्त’ होते. त्यात भाताची नवी कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात.

पदार्थ वेगळे असले तरी नियम एकच आहे, पिकवणाऱ्याने पहिला घास स्वतः घ्यायचा नाही. खळ्यावर धान्याची रास पडली की आधी तिची पूजा होई, बलुतेदारांचा वाटा काढला जाई आणि उरलेले धान्य घरात येई.

मुळशीच्या भाताचे महत्त्व काय?

मुळा आणि निळा नद्यांच्या या खोऱ्यात भरपूर पाऊस पडतो आणि खाचरांत भात पिकतो. आंबेमोहोर हा येथील नावाजलेला तांदूळ. दाणा आखूड आणि वास आंब्याच्या मोहोरासारखा, म्हणून हे नाव. शिजल्यावर तो मऊ होतो, त्यामुळे लहान मुलांची पेज, आजाऱ्याचा मऊ भात आणि नैवेद्याचा वरणभात यासाठी पुणेकरांच्या घरात त्याला मान आहे. खोऱ्याच्या तळाची सपाट, गाळाची जमीन भाताची. डोंगरउतारावर पिकते ती नाचणी आणि वरई. पुढचा सगळा संघर्ष समजून घेण्यासाठी हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

बापट कोण होते?

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून शिष्यवृत्तीवर ते १९०४ मध्ये एडिंबरोला इंजिनीअरिंग शिकायला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीवर उघड टीका केल्याने शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या ‘इंडिया हाउस’मधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बचे तंत्र मिळवण्यात त्यांचा सहभाग होता. १९०८ मध्ये ते भारतात परतले. अलीपूर बॉम्ब खटल्यात नाव आल्यावर काही वर्षे भूमिगत राहिले आणि १९१२ मध्ये पकडले गेले. पुरेशा पुराव्याअभावी पुढे त्यांची सुटका झाली.

बारशाची ती पंगत का गाजली?

१९१४ मध्ये बापटांना मुलगा झाला. बारशाच्या जेवणात पहिली पंगत कोणाची, हे त्या काळी जात ठरवत असे. ब्राह्मण आधी, इतर नंतर आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वाट्याला उरलेसुरले. बापटांनी आपल्या मुलाच्या बारशाला पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची बसवली. घरातील आनंदाचा पहिला घास कोणाला द्यायचा, याचे उत्तर त्यांनी रूढीच्या उलट दिले. पुढे पहाटे उठून रस्ते झाडण्याचे व्रतही त्यांनी घेतले. स्वयंपाकघर आणि झाडू या दोन्ही ठिकाणी जात पाळली जात होती आणि त्यांनी दोन्हीकडे ती मोडली.

मुळशीत नेमके काय झाले?

मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. टाटांचा खोपोलीचा जलविद्युत प्रकल्प १९१५ मध्ये सुरू झाला होता. त्यानंतर मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधून पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहात सोडण्याची योजना आली. त्यासाठी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीला दिला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. काम थांबले आणि काही महिन्यांची मुदत मिळाली. मुदत संपल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि लढ्याची धुरा प्रामुख्याने बापटांकडे आली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी मंडळीही या लढ्यात होती. याच काळात बापट ‘सेनापती’ झाले. जगातील पहिल्या संघटित धरणविरोधी लढ्यांपैकी एक म्हणून मुळशीचा आज उल्लेख होतो.

शेतकरी का हरले?

एक कारण खोऱ्याबाहेर होते. बरीच जमीन कागदोपत्री पुण्यातील सावकारांच्या नावावर गेली होती. त्यांना रोख मोबदला पुरेसा वाटला. मात्र त्याच जमिनीत राबणाऱ्या कुळाच्या हाती फारसे काही येणार नव्हते. दुसरे कारण आंदोलनातील मतभेद. अहिंसेच्या मर्यादा कोणत्या, यावर नेत्यांचे एकमत राहिले नाही आणि अटकसत्रामुळे जोर ओसरला.

बापट वारंवार तुरुंगात गेले. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्या वेळी त्यांच्याजवळ शस्त्रे होती. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्याची वीज सुरू झाली. ज्या शिक्षणासाठी ते परदेशी गेले, त्याच इंजिनीअरिंगच्या मोठ्या कामापुढे त्यांचा हा लढा संपला.

नवान्नाचे काय झाले?

खोऱ्याच्या तळाची भातखाचरे बुडाली. काही कुटुंबे इतरत्र गेली, काही डोंगराच्या वरच्या बाजूला सरकली. तेथे जमीन होती ती नाचणी-वरईची. ज्या लोंब्या घरी आणून नव्या अन्नाचा सण करायचा, त्या देणारे शेतच राहिले नाही. धरणाने किती जमीन गेली याचा हिशोब सरकारदरबारी झाला. मात्र भाताच्या जागी भाकरी आल्याने घरातील सण कसा बदलला, याचा रकाना मोबदल्याच्या कागदात नव्हता.

मुळशी तालुक्यातील भातशेती मात्र संपली नाही. धरणाबाहेरच्या गावांत आजही आंबेमोहोर पिकतो. आता त्याच्यापुढे वेगळे प्रश्न आहेत. जास्त उत्पादन देणाऱ्या जाती आल्या आहेत आणि पुण्याच्या वाढीमुळे खाचरांच्या जागी बंगले व रिसॉर्ट उभे राहत आहेत.

बापटांचा पुढचा प्रवास कसा होता?

१९३१ मध्ये सुटल्यानंतरही त्यांच्या तुरुंगवाऱ्या थांबल्या नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. नंतर गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोव्हेंबरमधले, म्हणजे मुळशीत भात घरात येण्याच्या महिन्यातले. हा निव्वळ योगायोग. पण बारशाची पंगत आणि मुळशीचा लढा यांत एक धागा सरळ दिसतो. अन्न पिकवणारा आणि कष्ट करणारा शेवटी जेवतो, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. १९१४ मध्ये घरच्या पंगतीपुरती ती त्यांनी बदलली, खोऱ्यात मात्र त्यांना ते जमले नाही. मुळशीचे पाणी आजही भिऱ्याकडे जाते आणि त्यातून वीज तयार होते. नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवताना पूर्वी देव, बलुतेदार आणि मग घर असा क्रम होता. या खोऱ्याने देशाला जे दिले, त्याचा वाटा खोऱ्याकडे कोणत्या क्रमाने परत यावा, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही.